‘०११८००६४.एचएलओ’ हे नाव कसं वाचायचं

आउटबाउंड.००२ नावाचा एक फोल्डर, आणि त्यात ०११८००६४.एचएलओ नावाची एक फाइल. ही फाइल उघडायची गरज नाही. जाणकार माणूस नुसतं नाव वाचून सांगेल, की नेदरलँड्समधल्या एका यंत्रासाठी टपाल बांधून तयार आहे, पण आपण तिकडे फोन करायचा नाही. ते यंत्र स्वतः फोन करेल, टपाल घेऊन जाईल आणि फोनचं बिलही त्याच्याच माथी पडेल. शिवाय ज्या यंत्रावर ही फाइल सापडली, ते स्वतः बहुधा युरोपातलं नाही, हेही फोल्डरच्या नावातून निघतं.

(प्रत्यक्ष संगणकावर ही नावं रोमन अक्षरांत असतात. इथे ती आपण तोंडाने म्हणतो तशी लिहिली आहेत.)

इतका मजकूर अकरा-बारा अक्षरांत बसवायची वेळ का आली, हे कळायला इंटरनेट घरोघरी पोचायच्या आधीच्या काळात जावं लागतं. तेव्हा हौशी लोक आपल्या घरच्या संगणकाला मोडेम जोडायचे, त्यावर बुलेटिन बोर्डाचा, म्हणजे बीबीएसचा प्रोग्राम चालवायचे आणि फोन नंबर जाहीर करायचे. कोणीही त्या नंबरावर आपल्या मोडेमने फोन लावावा, निरोप वाचावेत, लिहावेत, फायली उतरवाव्यात. फोनची लाइन बहुधा एकच, त्यामुळे एका वेळी पाहुणाही एकच. चालवणाऱ्याला म्हणायचे सिसऑप. हा उद्योग पदरमोडीचा आणि रात्री घरच्यांची झोप मोडणारा, पण माणसं जीव लावून करायची.

१९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी आपला फिडो नावाचा बीबीएस प्रोग्राम बाल्टिमोरच्या जॉन मॅडिल यांच्या यंत्राशी निरोपांची देवाणघेवाण करेल अशी सोय केली. फिडो हे अमेरिकेत कुत्र्याचं ठरलेलं नाव, आपल्याकडच्या मोत्यासारखं. दहा ठिकाणचे भाग जोडून बनवलेल्या एका गावठी संगणकाला ते गमतीने दिलं होतं. दोन यंत्रांचं हे जाळं वाढत गेलं आणि फिडोनेट झालं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर, ऐन भरात असताना, त्यात जगभरची तीस हजारांहून जास्त केंद्रं होती. कंपनी नाही, सरकार नाही, मधला मोठा संगणक नाही. एका घरचा फोन दुसऱ्या घरी लागायचा, टपाल द्यायचं-घ्यायचं, की फोन ठेवला.

सगळा खेळ फोनच्या बिलाचा होता. एसटीडी बूथचा जमाना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री उशिरा पाव दर लागायचा म्हणून बूथबाहेर जेवणानंतर लागणारी रांग आठवा. फिडोनेटचाही तोच हिशेब होता. प्रत्येक खंडासाठी रात्रीतला एक तास राखून ठेवलेला असायचा. त्या तासात सामान्य पाहुण्यांना लाइन बंद, फक्त यंत्रांनी यंत्रांना फोन करायचे. उत्तर अमेरिकेसाठी हा तास जागतिक वेळेनुसार नऊ ते दहा, म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला पहाटेचे चार ते पाच. दिवसभर टपाल साठवायचं, स्वस्ताईच्या वेळी एकगठ्ठा पोचवायचं. साठवायची जी जागा, तोच आपला आउटबाउंड फोल्डर.

आता मुद्द्याची गोष्ट. हे काम एक प्रोग्राम करत नसे, दोन करत. एकाला म्हणतात टॉसर. तो निरोपांची छाननी करतो, कोणाला काय जायचंय ते ठरवतो, गठ्ठे बांधतो आणि आउटबाउंडमध्ये ठेवतो. दुसरा मेलर. तो फोन लावतो, पलीकडच्या मेलरशी बोलतो, गठ्ठे देतो, आलेले घेतो. टॉसर एका माणसाने लिहिलेला, मेलर दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याने, आणि दोघांची कधी गाठही पडलेली नाही. डॉसवर, म्हणजे त्या काळच्या घरगुती संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, म्हणजे मेलर जागा झाला की टॉसर झोपलेला असायचा. मग टॉसरने मेलरला सांगायचं कसं, की हा गठ्ठा अमक्याचा, हा तातडीचा, हा कोणी मागायला येईपर्यंत ठेवून दे?

उत्तर निघालं ते फायलीच्या नावातूनच. फोल्डरमध्ये फाइल दिसली की तिचं नाव हाच पत्ता आणि हाच हुकूम. वेगळी नोंदवही नाही, डेटाबेस नाही. ओपस नावाच्या बीबीएसच्या गोतावळ्यात ही रीत रुळली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिंकलीटर्म या मेलरमुळे सर्वत्र पसरली. म्हणून आजही तिला ‘बिंकली पद्धतीचा आउटबाउंड’ किंवा लघुरूपात बीएसओ म्हणतात. ओपस आणि बिंकली ही दोन्ही नावं एकाच अमेरिकी वर्तमानपत्री चित्रमालिकेतल्या पात्रांची, त्यातला ओपस म्हणजे पेंग्विन. कुत्र्यापासून सुरू झालेल्या जाळ्यात पेंग्विन आला तर कोणाला नवल वाटणार?

नाव वाचायला शिकण्याआधी पत्ता वाचायला शिकू. फिडोनेटचा पत्ता असा दिसतो: २:२८०/१००. पहिला आकडा झोनचा, म्हणजे खंडाचा. १ उत्तर अमेरिका, २ युरोप, ३ ऑस्ट्रेलिया आणि आसपास, ४ लॅटिन अमेरिका, ५ आफ्रिका, ६ आशिया (हा झोन २००७ मध्ये बंद झाला). मुंबईत इंटरनेटच्या आधी जे बीबीएस या जाळ्यात होते ते झोन ६ चे. (विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला.) दुसरा आकडा नेटचा, म्हणजे एखाद्या शहराचा किंवा भागाचा. तिसरा नोड, म्हणजे एक विशिष्ट यंत्र. अगदी सुरुवातीला नुसता नोडचा आकडा होता. यंत्रं वाढल्यावर १९८५ मध्ये नेट आले, मग जाळं समुद्रापार गेल्यावर झोन आले. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातून आली आहे.

डॉसमध्ये फायलीच्या नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरांचं शेपूट. त्याबाहेर एक अक्षर नाही. फिडोनेटमध्ये नेट आणि नोड हे दोन्ही आकडे सोळा बिटांत साठवलेले, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५ पर्यंत जाऊ शकणारे. नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहायचे तर पाच आणि पाच मिळून दहा अक्षरं, आणि जागा तर आठचीच. पण हेच आकडे सोळाच्या पायाने, म्हणजे शाळेतल्या पुस्तकात षोडशमान म्हणतात त्या पद्धतीने लिहिले, तर सोळा बिटांना नेमकी चार अक्षरं लागतात. चार नेटला, चार नोडला, बरोबर आठ. जागा इतकी चपखल भरली की एक अक्षरही उरलं नाही.

सोळाच्या पायाचा धसका घेऊ नका. आपण नऊनंतर दहा लिहितो आणि हातचा एक पुढच्या घरात टाकतो. इथे हातचा सोळाला पडतो. त्यामुळे नऊनंतरच्या सहा आकड्यांना स्वतंत्र खुणा लागतात. दहा म्हणजे ए, अकरा बी, असं करत पंधरा म्हणजे एफ. आता २८० घ्या. त्यात २५६ एकदा जातात, उरले २४. त्यात १६ एकदा, उरले ८. म्हणजे १-१-८, आणि चार घरं भरायची म्हणून पुढे शून्य: ०११८. तसंच १०० म्हणजे सहा सोळे शहाण्णव आणि वर चार: ००६४. दोन्ही जोडले की ०११८००६४. आपल्या शीर्षकातलं नाव सुटलं. मॉस्कोच्या नेटचा आकडा ५०२० आहे, त्याचं होतं १३९सी. इथे अक्षर डोकावलं. पण बरेच पत्ते शिरा ताणल्याशिवाय, नुसत्या अंकांत निघतात, आणि धोका नेमका तिथेच आहे. ०११८ पाहून माणसाला वाटतं, हे एकशे अठराच.

आठ अक्षरं संपली. मग झोन कुठे घालायचा? ही पद्धत रुळली तेव्हा झोन नुकते आले होते आणि बहुतेकांचं बहुतेक टपाल आपल्याच खंडात जायचं. म्हणून असं ठरलं की आपल्या स्वतःच्या झोनचं टपाल साध्या ‘आउटबाउंड’ फोल्डरमध्ये. परक्या झोनसाठी त्याच नावाचा शेजारी फोल्डर, आणि डॉसमध्ये फोल्डरलाही तीन अक्षरांचं शेपूट लावता येतं, तर त्या शेपटात झोनचा आकडा, तोही सोळाच्या पायाने. म्हणून आउटबाउंड.००२. फोल्डरला .००२ चिकटलंय म्हणजे झोन २ इथे परका आहे. सुरुवातीला जे म्हटलं, की हे यंत्र युरोपातलं नसावं, ते यावरून.

माझ्याकडे टेबलाखाली एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा स्वस्तातला संगणक आहे. त्यावर मी हौस म्हणून असाच एक बीबीएस चालवतो. फिडोनेटच्या धर्तीवर चालणारी आणखीही जाळी आहेत, त्यातलं न्यूझीलंडहून सुरू झालेलं एफएसएक्सनेट, झोन २१. मी नवखा असताना एका संध्याकाळी हबला, म्हणजे टपाल वाटणाऱ्या मधल्या केंद्राला, हाताने टपाल ठेवायचं ठरवलं, फोल्डर बनवला आणि शेपूट लावलं .०२१. नीट नाव, नीट फाइल. दोन दिवस टपाल हललं नाही. मेलरची काही तक्रार नव्हती, चूक दाखवणारी ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की सोळाच्या पायाने ०२१ म्हणजे तेहेतीस. मी कुठल्या तरी भलत्याच झोन ३३ साठी टपाल ठेवलं होतं, आणि मेलर बिचारा झोन २१ साठी .०१५ मध्ये हात घालून रिकामा परत येत होता. या पद्धतीची ही खोड आहे. नाव चुकलं तर ते ‘चुकीचं’ नसतं, ते दुसऱ्याच कोणाचं तरी बरोबर नाव असतं.

एकाहून जास्त जाळ्यांत असणाऱ्यांसाठी आणखी एक मजला चढवावा लागला. आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दुसऱ्या जाळ्याच्या फोल्डरचं मूळ नावच त्या जाळ्याचं ठेवतात: एफएसएक्सनेट.०१५. इथे मात्र शेपूट नेहमी लावायचं. शेपटाशिवायचा मान फक्त घरच्या झोनला.

आणि पॉइंट. काही लोकांना स्वतःचा बीबीएस चालवायचा नसे, पण घरबसल्या टपाल मात्र हवं असे. ते कुठल्या तरी नोडच्या हाताखाली पॉइंट म्हणून राहत, घरातल्या भाडेकरूसारखे. त्यांचा पत्ता २:२८०/१००.५, शेवटचा पाच त्यांचा. त्यांना नावात जागा कुठून आणायची? आठही अक्षरं घरमालकाने व्यापलेली. मग त्या नावाचा एक उपफोल्डर, ०११८००६४.पीएनटी, आणि त्याच्या आत भाडेकरूची फाइल: ०००००००५.आउट. गंमत बघा, झोनला, म्हणजे अख्ख्या खंडाला, तीन अक्षरं आणि एका भाडेकरूला आठ! कोणी बसून एकदम आखलेली रचना असती तर असं झालं नसतं. जुन्या वाड्याला गरज पडेल तशी माडी, मग पडवी, मग मागे न्हाणीघर काढत जावं, तशी ही पद्धत वाढली आहे. झोन फोल्डरच्या शेपटात, जाळं फोल्डरच्या नावात, नेट-नोड फायलीच्या नावात, पॉइंट पोटखोलीत. जाळं कसकसं वाढलं त्याचा इतिहासच त्यात दिसतो.

आता फायलीचं शेपूट, तीन अक्षरांचं. पत्ता नावात, तर हुकूम शेपटात. शेवटची दोन अक्षरं यूटी असली तर ती फाइल म्हणजे खुद्द टपालाचं पॅकेट, निरोप त्यातच भरलेले. शेवटची दोन एलओ असली तर ती नुसती यादी, कुठल्या फायली पाठवायच्या त्यांची. तिला फ्लो फाइल म्हणतात. पहिलं अक्षर सांगतं किती घाई आणि कोणाच्या खर्चाने.

साधं टपाल असेल तर .आउट किंवा .एफएलओ. ते मेलर आपल्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने नेईल. पहिलं अक्षर सी असेल, म्हणजे .सीयूटी किंवा .सीएलओ, तर ते क्रॅश. क्रॅशचा अर्थ इथे मोडणं नाही, थांबू नकोस, थेट फोन लाव. डी म्हणजे डायरेक्ट, हबमार्गे पाठवू नकोस, पण तातडीही नाही. आय म्हणजे इमिजिएट, हे मागाहून आलं, वेळेचे सगळे नियम बाजूला ठेवून पाठव. आणि एच म्हणजे होल्ड. मला स्वतःला या सगळ्यांत होल्डच जास्त आवडतो, कारण या जाळ्याचा व्यवहार त्यात उघड दिसतो. हब म्हणजे एखाद्या शहरातलं असं केंद्र जिथे बाहेरचं टपाल येऊन वाटलं जायचं. हबच्या सिसऑपने वीस-तीस नोडना रोज रात्री स्वतः फोन लावले असते तर त्याचं दिवाळं वाजलं असतं. म्हणून तो सगळ्यांचे गठ्ठे होल्डवर ठेवायचा आणि म्हणायचा, ज्याला हवंय त्याने यावं. फोन करेल त्याला बिल. मैत्री मैत्रीच्या जागी आणि फोनचं बिल बिलाच्या जागी, हे एका अक्षरात मांडलेलं.

एक छोटी खुबी. एखाद्या हबला, माझ्याकडून द्यायला काही नसतानाही, फोन लावून बघायचं असेल, की माझं काही आलंय का, तर काय करायचं? त्याच्या पत्त्याची एक पूर्ण रिकामी .सीएलओ फाइल ठेवायची. आत एक अक्षर नाही. पण नाव आहे म्हणजे हुकूम आहे. मेलर फोन लावतो, काही देत नाही, असेल ते घेऊन येतो.

फ्लो फायलीच्या आत एका ओळीत एक फाइल, तिच्या पूर्ण वाटेसह. ओळीच्या सुरुवातीला एक खूण असू शकते. खूण नसेल किंवा @ असेल तर फाइल पाठवायची आणि मूळ जागी तशीच ठेवायची. ^ असेल तर पाठवून झाल्यावर मूळ फाइल पुसून टाकायची. # असेल तर ती पुसायची नाही, पण आतून रिकामी करायची, शून्य आकाराची. आणि ~ म्हणजे ही गेली आहे, सोडून दे. मेलर प्रत्येक फाइल पोचती झाली की तिच्या ओळीवर ही शेवटची खूण करतो. मध्येच लाइन तुटली तर पुढच्या वेळी उरलेल्यापासून सुरुवात. त्या काळी लाइन मध्येच तुटणं हाच नियम होता, त्यामुळे ही एक खूण सोन्याच्या मोलाची.

^ चा फटका मी खाल्लाय. एका स्नेह्याला जुन्या प्रोग्रामांची एक जुडी पाठवायची होती. हातानेच फ्लो फाइल लिहिली, आधीच्या एका ओळीची नक्कल करून. त्या ओळीच्या सुरुवातीला ^ होता, तोही सोबत आला. जुडी सुखरूप पोचली, स्नेह्याने आभार मानले, आणि मी माझ्या फोल्डरमध्ये पाहतो तर जुडी गायब. एकच प्रत होती. ती मला माझ्याच स्नेह्याकडून परत मागवून घ्यावी लागली, होल्डवर.

पण मग # कशाला? पाठवून झालेली फाइल पुसावी तरी किंवा ठेवावी तरी. रिकामी करून नावापुरती ठेवण्यात काय हशील? याचं उत्तर शोधताना मला या पद्धतीतला सर्वात हुशार भाग सापडला.

१९८६ च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी एकोमेल आणला, म्हणजे एखाद्या विषयावरची चर्चा जी प्रत्येक केंद्रावर जशीच्या तशी पोचते. टपालाचा आकार भसाभस वाढला. मग पॅकेटं दाबून छोटी करायची आणि त्यांचे गठ्ठे बांधायचे, अशी पद्धत आली. हे गठ्ठे जिथे पोचतात तिथे दहा ठिकाणांहून आलेले गठ्ठे एकाच फोल्डरमध्ये पडतात. दोघांनी एकच नाव वापरलं तर एकाचा गठ्ठा दुसऱ्यावर बसणार. म्हणजे नाव पाठवणाऱ्याकडेही वेगळं हवं आणि घेणाऱ्याकडेही. यासाठी केली ती साधी वजाबाकी. माझ्या नेटमधून तुमचं नेट वजा, माझ्या नोडमधून तुमचा नोड वजा, दोन्ही उत्तरं सोळाच्या पायाने, चार-चार अक्षरं. मी २:२८०/१००, तुम्ही २:२८०/६४. नेटचा फरक शून्य, नोडचा ३६, म्हणजे ००२४. गठ्ठ्याचं नाव ००००००२४. तुम्ही मला पाठवाल तेव्हा फरक उणे ३६. उण्याला जागा नाही, म्हणून तो ६५५३६ मधून वजा होऊन एफएफडीसी होतो. माझ्याकडून निघणारे गठ्ठे वेगवेगळ्या ठिकाणी जातात, म्हणून फरक वेगळे. तुमच्याकडे येणारे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, म्हणून तिथेही वेगळे. एका वजाबाकीत दोन्ही टोकं सांभाळली. झोन आणि पॉइंट आल्यावर मात्र या हिशेबाला भोकं पडली, कारण वजाबाकीत त्यांना स्थानच नव्हतं. पुढच्या काळात काही टॉसर वजाबाकी सोडून स्वतःच्या रीतीने नावं पाडू लागले.

गठ्ठ्याच्या शेपटात वार असतो. सोमवार एमओ, मंगळवार टीयू, असं. पुढे एक आकडा, शून्यापासून. सोमवारचा पहिला गठ्ठा .एमओ०, दुसरा .एमओ१. आता समजा सकाळी एमओ० गेला आणि मी तो पुसून टाकला. दुपारी टॉसरने नवा गठ्ठा बांधायला घेतला. फोल्डरमध्ये एमओ० नाही, तर तो पुन्हा एमओ०च बांधेल. तिकडे तुम्ही सकाळचा अजून उघडलेला नाही. दुपारचा त्याच नावाने येऊन धडकतो. हे टाळायला # ची युक्ती. फाइल गेली तरी तिचं रिकामं टरफल नावासकट जागेवर राहतं, टॉसर ते बघतो आणि पुढचा आकडा घेतो. वार उलटला की जुनी टरफलं झाडून टाकायची. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरावी, तसं.

रिकाम्या फायलीची आणखी एक करामत म्हणजे .बीएसवाय, म्हणजे बिझी. टॉसर एखाद्या नोडच्या फ्लो फाइलमध्ये ओळ लिहीत असतानाच मेलर तीच फाइल वाचून पाठवू लागला तर अर्धवट गोंधळ होईल. म्हणून जो आधी हात घालेल त्याने त्या पत्त्याची ०११८००६४.बीएसवाय बनवायची. ती दिसली की दुसऱ्याने दूर राहायचं. काम झालं की ती पुसायची. बंद दाराबाहेर चपला काढून ठेवल्यासारखं, आत कोणीतरी आहे एवढं कळलं की पुरे. भानगड तेव्हा होते जेव्हा आतला माणूसच नाहीसा होतो. वीज गेली, यंत्र मध्येच बंद पडलं, की बीएसवाय तिथेच राहते आणि त्या नोडचं टपाल कायमचं अडतं. म्हणून चांगले मेलर काही तासांहून जुनी बीएसवाय स्वतःच उचलून फेकतात. टपाल अडलं की जुने सिसऑप आधी हेच तपासायला सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

शेपटं आणखीही आहेत, ती भराभर सांगतो. .आरईक्यू म्हणजे पलीकडून मला अमुक फायली हव्यात अशी मागणी. .टीआरवाय मध्ये फोन लावायचे किती प्रयत्न फसले त्याची नोंद. .एचएलडी म्हणजे अमुक वेळेपर्यंत या नोडला फोन करू नकोस.

ही एकच पद्धत होती असं नाही. फ्रंटडोर या लोकप्रिय मेलरने नावांचा हा खटाटोपच केला नाही. तिथे प्रत्येक जाणाऱ्या गठ्ठ्यासोबत एक छोटं पत्र असे, पत्त्यासकट, आणि मेलर सगळी पत्रं वाचून काय कुठे ते ठरवी. समजायला सोपं, पण पत्रं शेकड्यांनी साठली की प्रत्येक उघडून बघायची. बिंकली पद्धतीत फोल्डरवर एक नजर टाकली की झालं, आणि मंद डिस्कच्या काळात हा फरक मोठा होता. अमिगा संगणकावर नावांना आठ अक्षरांची अट नव्हती, त्यामुळे तिथल्या लोकांनी सरळ २.२८०.१००.०.आउट असं लिहिलं. झोन, नेट, नोड, पॉइंट, सगळं दशमानात, सगळं एकाच फोल्डरमध्ये, शाळकरी पोरालाही वाचता येईल असं. खरं सांगायचं तर हीच पद्धत जास्त शहाणी. पण यंत्रं जास्त डॉसची होती, टॉसर-मेलर डॉससाठी जास्त लिहिले गेले, आणि शहाणपणापेक्षा संख्या भारी पडली.

डॉस गेलं, मोडेमही गेले. आता हे टपाल बहुतांशी इंटरनेटवरून, बिंकपी नावाच्या प्रोटोकॉलने, २४५५४ क्रमांकाच्या पोर्टवर जातं. बिंकडी हा त्यातला जुना आणि अजून भक्कम मेलर. फोनचं बिल राहिलं नाही, रात्रीच्या तासाला अर्थ राहिला नाही, नावाला अडीचशे अक्षरं चालतात. तरी बिंकडीच्या पोटात तोच आउटबाउंड आहे, तीच आठ अक्षरं. कारण टॉसर आणि मेलर अजूनही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले आहेत आणि दोघांमधला करार हाच आहे. एकाने एकतर्फी बदलला तर दुसऱ्याला टपाल दिसणारच नाही. फिडोनेटच्या तांत्रिक समितीने या पद्धतीचा रीतसर दस्तऐवज केला तोही बऱ्याच उशिरा, सगळे ती वर्षानुवर्षं वापरून झाल्यावर.

नव्या काळाने एक नवी कटकट मात्र आणली. डॉसला मोठं सी आणि छोटं सी सारखंच. लिनक्सला नाही. मॉस्कोच्या १३९सी मधला सी एका प्रोग्रामने मोठा लिहिला आणि दुसरा छोटा शोधत बसला, तर फाइल डोळ्यांसमोर असून सापडत नाही. म्हणून संकेत असा, की अक्षरं छोटीच वापरायची. मोठी-छोटी लिपी नसलेल्या आपल्या देवनागरीत हा घोळ झालाच नसता!

आत्ता हे लिहिता लिहिता टेबलाखालच्या यंत्राचा फोल्डर उघडून पाहिला. एफएसएक्सनेट.०१५, आत ०००१००६४.एफएलओ आणि शेजारी ०००१००६४.बीएसवाय. पुन्हा यादी मागवेपर्यंत दोन्ही नाहीशा झाल्या होत्या.